भोंग्याची ओळ

इस्पितळाच्या लाँड्रीची सकाळची पाळी सुरू होण्याआधी फाटकालगतच्या ओसरीत प्रार्थना होत असे. ओसरी कसली, वर पत्रा आणि तीन बाजूंनी कमरेएवढी भिंत. पण इस्पितळ उभे राहिले तेव्हाच ती कामगारांना प्रार्थनेसाठी म्हणून मिळालेली होती आणि तशी परवानगी नगर कार्यालयाने दिलेली होती. आत रुग्ण झोपलेले असत, म्हणून वाद्य नसे. पुढे उभा असलेला एक जण ओळ टाकी आणि बाकीचे झील धरीत. झील कधी बदलत नसे: ‘देवा, ऐक रे आमचं.’ पुढची ओळ मात्र रोज नवी असू शके. ज्याच्या मनात जे असेल ते तो पुढच्याच्या कानात सांगे आणि पुढचा ते चालीत बसवून देवाला सांगे. पोर रात्रभर तापलं होतं. हातमोजे फाटलेत. मुकादम उगाच डोळे वटारतो. सगळ्यांवर तीच झील.

सध्या पुढे कोणी उभे राहत नव्हते.

पुढे म्हणणारा माणूस वारला की त्याची ओळ रिकामी ठेवायची, अशी या लोकांची रीत होती. गाणे थांबवायचे नाही. त्याने ओळ म्हणायला जेवढा वेळ घेतला असता तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प राहायचे आणि मग झील धरायची. हे किती दिवस चालवायचे याला नेम नव्हता. त्याच्या घरचे माणूस ओळ उचलीपर्यंत. आणि ओळ उचल, असे त्या माणसाला कोणी सांगायचे नसते, तेही ठरलेले होते.

ताई नेहमीच्या खांबाला टेकून उभी होती. विद्यापीठात ती धर्म आणि संगीत शिकवत असे. इथे मात्र तिला सगळे ताईच म्हणत, कारण तिची आई याच लाँड्रीत घड्या घालून म्हातारी झाली होती; ओसरीत पुढे आधी ती उभी राहत असे आणि तिच्यामागे गेल्या वर्षापर्यंत धाकटा भाऊ. त्याला भोंगा म्हणत. पाळीचा भोंगा बिघडला होता तेव्हा व्यवस्थापनाने दुरुस्तीची घाई केली नव्हती; हा आहे ना, मग कशाला, असे लोक म्हणत. तेच नाव पडले.

बॉयलर फुटला तेव्हा तो जवळ होता. त्याआधी कितीतरी दिवस तो रोज एकच ओळ टाकत होता: ‘वाफेला वाट उरली नाही.’ बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जाम झाला होता, हे लाँड्रीत सगळ्यांना माहीत होते. त्याच्या जोडीचा दुसरा बॉयलर, त्याच वयाचा आणि त्याच कंपनीचा, अजून चालू होता. बायका त्याच वाफेवर इस्त्री करत होत्या. तो बंद करा, तपासा, एवढेच मागणे होते. पण इस्पितळ म्हणजे शांतता क्षेत्र. तिथे घोषणा नाहीत, भाषण नाही, फलक नाही. राहता राहिली प्रार्थना. आणि आता व्यवस्थापनाने अर्ज केला होता की ही प्रार्थना नसून आंदोलन आहे, सबब ओसरीची परवानगी रद्द व्हावी.

रिकामी जागा आली. सगळे गप्प राहिले. रस्त्यावरून एक गाडी गेली, कोणीतरी नाक ओढले. मग झील आली.

ताईच्या हातातला ध्वनिमुद्रक चालू होता. आज इस्त्रीमावशींचा आवाज किंचित खाली लागला आहे, हे तिच्या ध्यानात आले. तिला ऐकू येत होते, मनाला लागत नव्हते. भाऊ गेला त्या दिवशीही असेच झाले होते. मातीला माणसे जमली होती, झील धरलेली होती आणि ताईच्या मनात आले होते की गती नेहमीपेक्षा मंद आहे, हे टिपून ठेवले पाहिजे. दुसऱ्या दिवशी तिने उत्तरपत्रिका तपासल्या. गुणांत कुठेही चूक झाली नव्हती.

*

वकीलबाई विद्यापीठातल्या विभागात आल्या तेव्हा ताई खुर्चीत बसून भिंतीकडे पाहत होती. वकीलबाईंनी दार वाजवले, मग न विचारता बसल्या. कामगारांच्या बाजूने त्या उभ्या होत्या. फी घेत नव्हत्या आणि ते बोलूनही दाखवत नव्हत्या.

“साक्ष तुमची ठेवलीय,” त्या म्हणाल्या. “दुसरं कोणी चालणार नाही. या गाण्यावर पुस्तक लिहिलेली माणसं जगात किती?”

“एक.”

“मग झालं तर. तुम्ही एवढंच सांगायचं, की ही प्रार्थना आहे. बस. एक वाक्य. मी दुसरा प्रश्न विचारणार नाही.”

“पलीकडचे विचारतील.”

“विचारू देत.”

ताईने मागच्या फळीवरून पुस्तक काढले आणि एक पान उघडून समोर ठेवले. वकीलबाईंनी चष्मा लावून वाचले. या गाण्यातले मागणे देवाकडे आहे की मालकाकडे, हे वेगळे काढता येत नाही. जो वेगळे काढू पाहतो त्याला गाणे कळलेले नसते.

“हे तुम्ही लिहिलंय?”

“हो. अख्खं पुस्तक त्यावरच आहे.”

“अहो, असं कशाला लिहायचं माणसानं!” वकीलबाई म्हणाल्या आणि आपल्याच बोलण्याला हसल्या. मग पुस्तक मिटून त्यांनी त्यावर हात ठेवला, जणू ते पुन्हा उघडेल. “बरं. पुस्तकं कोण वाचतं म्हणा.”

“माझ्या परीक्षेला बसणारी मुलंही वाचत नाहीत. पण वकील वाचतात.”

“तेही खरं.” त्यांनी पुस्तक बाजूला सरकवले. “हे बघा, पुस्तकात तुम्ही लिहिलंय ते पुढच्या ओळीबद्दल. मागणं असतं ते पुढच्या ओळीत. बरोबर? आणि आता पुढची ओळच नाही. ऐकू काय येतं? ‘देवा, ऐक रे आमचं.’ यात आंदोलन कुठंय? दाखवा म्हणावं. तुमच्या भावाच्या जाण्यानं, म्हणजे वाईट वाटून घेऊ नका हं, पण आपली बाजू मजबूत झालीय.”

“नाही वाटत वाईट,” ताई म्हणाली. ते खरेच होते. तिला कधीतरी वकीलबाईंना सांगावेसे वाटले असते, की ते किती खरे आहे.

“आणि ते विचारतील, की मग त्या मोकळ्या जागेत काय असतं? तुम्ही म्हणायचं, शोक. खोटं आहे का ते?”

“नाही.”

“शोक म्हणा. एकच शब्द. आणि सुनावणी होईपर्यंत ओळ उचलू नका. तुमच्यावर आहे ना ते? मला मावशी म्हणाल्या.”

“मावशी म्हणाल्या? सांगायचं नसतं ते.”

“मला सांगितलं. मी कुठं तुमच्यातली?”

ताईने मान हलवली. ओळ उचलणे तिला जमतच नव्हते. रोज सकाळी ती त्या रिकाम्या जागेच्या काठापर्यंत जाई, तोंड उघडण्याएवढा वेळही असे, आणि आतून काहीच वर येत नसे. ज्याला आपण आपले अपंगपण समजत होतो ते आता खटल्याचा मुद्दा झाले आहे, हे तिला कळले. तिला सुटल्यासारखेही वाटले नाही.

“मी येईन,” ती म्हणाली.

*

भावजय लाँड्रीत नव्हती, ती शिंप्याकडे काजे-बटणे करायची. संध्याकाळी ताई गेली तेव्हा ती मशीनवर झाकण घालत होती. खोलीत भावाचे दोन सदरे अजून दोरीवर होते. ते वाळून कधीचे कडक झाले होते.

“या वन्सं. चहा टाकते.”

“नको गं.”

“तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी टाकतेय. तुम्ही घोटभर घ्या.”

ताईने कप घेतला. थोड्या वेळाने भावजय म्हणाली, “अहो, कढत आहे तो!” तेव्हा तिला समजले की आपली जीभ भाजली आहे.

“सदरे काढू का दोरीवरचे?” ताईने विचारले.

“राहू द्या. दोरी काही मागत नाही मला.” भावजयीने बशी उपडी घातली. “तुम्हाला राग येतो का हो, मी रडत नाही म्हणून? लोक बघतात माझ्याकडं. म्हणतात, दगड आहे.”

“मला म्हणतात तसं.”

“तुम्हाला विद्वान म्हणतात. दगड मला.”

दोघी हसल्या. हसणे तोंडापुरतेच होते, पण होते. तेवढ्यात दार ढकलून इस्त्रीमावशी आल्या. लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर सर्वांत जुन्या त्या. ताईच्या आईबरोबर लागलेल्या. त्यांच्या मनगटांवर जुन्या भाजल्याचे गुळगुळीत डाग होते. त्यांनी खुर्ची नाकारली आणि खाटेच्या कडेला बसल्या.

“काय गं विद्यापीठ, तूही आलीस? बरं झालं. उद्या म्हणे तू बोलणार.”

“हो मावशी.”

“काय बोलणार?”

“प्रार्थना आहे म्हणून.”

“आहेच की. त्याला एवढी शिकलेली कशाला पाहिजे?” मावशींनी पदर सावरला. “तुझी आई गेली तेव्हा भोंग्यानं फार ताटकळवलं नव्हतं. कोवळा होता तेव्हा. आवाज फुटत होता त्याचा. काय म्हणाला माहितीये का तो पहिल्या दिवशी? ‘आईची घडी चुकत नव्हती.’ तेवढीच ओळ, तीन वेळा. हसावं की रडावं कळेना आम्हाला. झील धरली झालं.”

मावशींनी सांगितले काहीच नव्हते; आठवण काढली होती. रीत मोडली नव्हती.

“मला तर गाता येत नाही,” भावजय अचानक म्हणाली. “नाहीतर मीच... माझा गळा म्हणजे फाटका कागद. लग्नानंतर एकदा झील धरली, तर हे म्हणाले, तू टाळ्या वाजव.”

“तो होताच तोंडाळ,” मावशी म्हणाल्या. मग उठल्या. दारात थांबून, ताईकडे न पाहता त्यांनी सांगितले, “दुसरा बॉयलर आज दुपारी शिट्टीसारखा वाजत होता. मुकादम म्हणतो, काही नाही, नवं गॅस्केट टाकलंय. टेबलावरच्या पोरी एकमेकींकडं बघत होत्या. मी म्हटलं, बघू नका, दाबा. चादर दाबा.”

त्या गेल्यावर ताई बराच वेळ बसून राहिली. तिच्या डोक्यात साक्षीची वाक्ये अगदी स्वच्छ, क्रमाने लागलेली होती. पाठ्यपुस्तकासारखी. त्यांच्याखाली कुठे काही हलते का, हे तिने पाहिले. हलत नव्हते.

*

सुनावणी नगर कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. लांबट खोली, लांबट टेबल, त्यावर हिरवे कापड. खिडक्यांना पडदे होते आणि ते चुकीच्या अंगाने इस्त्री केलेले होते. घडीचा कडक उभा पट्टा मधोमध उमटला होता. आईने ते पाहिले असते तर पडदे काढून घरी नेले असते, असे ताईच्या मनात येऊन गेले.

सुनावणी अधिकारी थकलेले, सभ्य गृहस्थ होते. टंकलेखक त्यांच्या डावीकडे बसला होता. मागच्या बाकांवर रात्रपाळी संपवून आलेल्या बायका आणि दोन-तीन पुरुष बसले होते; कित्येकांचे डोळे मिटत होते. मावशी पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या. भावजय शेवटी, भिंतीला लागून.

वकीलबाईंनी ठरल्याप्रमाणे एकच प्रश्न विचारला. ताईने ठरल्याप्रमाणे उत्तर दिले. वकीलबाई बसल्या.

व्यवस्थापनाचे वकील उठले. त्यांच्या हातात तिचे पुस्तक होते आणि त्यातून रंगीत कागदाच्या खुणा बाहेर आल्या होत्या.

“बाई, सर्वप्रथम, मला तुमचं पुस्तक आवडलं. खरंच सांगतो. माझ्या आजी अशाच गायच्या.” त्यांनी पान उघडले आणि ते वाक्य वाचले. सावकाश, चांगले वाचले. “हे वाक्य तुमचं?”

“हो.”

“मत बदललंय?”

ताईने विचार केला. “नाही.”

मागे बाक करकरला. वकीलबाई आपल्या पेनाकडे पाहत राहिल्या.

“म्हणजे तुमच्याच मते हे गाणं व्यवस्थापनाला उद्देशून केलेली मागणी आहे.”

“देवाला आणि व्यवस्थापनाला. दोघांना.”

“दोघांना. पण व्यवस्थापनालाही.”

“हो.”

“आभारी आहे.” ते अधिकाऱ्यांकडे वळले. “साहेब, परवानगी प्रार्थनेची आहे. व्यवस्थापनापुढे रोज सकाळी मागणी मांडण्याची नाही. साक्षीदार बाईंनी, ज्यांच्याइतकं हे गाणं कोणी जाणत नाही, त्यांनी स्वतः मान्य केलंय. आता माझ्या सहकारी म्हणतील, की हल्ली पुढची ओळ म्हणतच नाहीत. मागणी गाळून फक्त प्रार्थना ठेवली आहे. मला त्यांच्या हुशारीचं कौतुक वाटतं.”

“हुशारीनं मेला का तो?” मावशी म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेले.

“मागे शांत राहा,” अधिकारी म्हणाले. त्यांनी डोळे चोळले आणि ते ताईकडे वळले. त्यांच्या स्वरात सापळा नव्हता, केवळ जाणून घ्यायची इच्छा होती. “बाई, मी एका सकाळी मुद्दाम तिथे जाऊन आलो. ते थांबतात. बराच वेळ थांबतात. मला सांगा, त्या रिकाम्या जागेत काय असतं?”

वकीलबाईंनी मान वर केली.

शोक हा शब्द ताईच्या ओठांपर्यंत आला. तो खोटा नव्हता. मावशींना विचारले असते तर खरा होता, त्या डुलक्या घेणाऱ्या पोरींना विचारले असते तरी खरा होता. पण शपथ तिने घेतलेली होती आणि शपथेवर माणसाने आपल्यापाशी आहे तेच द्यायचे असते. तिने आत चाचपून पाहिले. अंधारात फळीवर हात फिरवावा आणि धूळसुद्धा लागू नये, तसे झाले. शोक नव्हता. राग नव्हता. त्या जागेत रोज सकाळी तिला एकच गोष्ट सापडत असे आणि आताही तीच सापडली.

“वाफेला वाट उरली नाही,” ती म्हणाली.

ती गायली नाही. वर्गात उदाहरण म्हणून ओळ उद्धृत करतात तशी, कोरड्या आवाजात ती म्हणाली. फक्त ओळ कुठे उचलायची आणि कुठे सोडायची, हे तिच्या जिभेला ठाऊक होते आणि तिने ती तिथेच सोडली.

आणि मागून झील आली.

“देवा, ऐक रे आमचं.”

कोणी ठरवले नव्हते. झोपलेल्या बायकांनी डोळे न उघडता धरली, मावशींनी धरली, पुरुषांनी खालच्या सुरात धरली. समोरून ओळ आली की मागून झील जाते. लहानपणापासून त्यांचे अंगच तसे झालेले होते. झील संपली आणि मग सगळ्यांना समजले, की आपण कुठे बसलो आहोत. एका पोरीने तोंडावर हात ठेवला.

टंकलेखकाची बोटे हवेत थांबली होती. “साहेब,” त्याने विचारले, “हे घ्यायचं का?”

अधिकाऱ्यांनी टेबलावर हात आपटण्यासाठी उचलला होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला. “साक्षीदाराचं घ्या. मागचं... मागचंही घ्या.” मग ताईला विचारले, “ही ओळ कोणाची?”

“माझ्या भावाची.”

“अपघातात जे...”

“हो.”

“तुम्ही पुस्तकात दिली आहे?”

“नाही. पुस्तक आधीचं आहे. ओळ नंतरची.”

“म्हणजे कधीची? अपघातानंतरची?”

“नाही. आधीची. बॉयलर फुटला त्या सकाळीही त्यानं तीच टाकली होती. माझ्याकडे ध्वनिमुद्रण आहे.” अभ्यासकाच्या सवयीने तिने पुस्ती जोडली, “त्याआधीची कितीतरी आहेत. मी नेहमीच मुद्रण करते.”

अधिकारी व्यवस्थापनाच्या वकिलांकडे वळले. “तुम्ही आत्ताच म्हणालात, की हे गाणं म्हणजे व्यवस्थापनापुढे रोज मांडली जाणारी मागणी आहे.”

“हो साहेब. परंतु—”

“आणि तुमच्या लेखी म्हणण्यात असं आहे, की व्हॉल्व्हबाबत व्यवस्थापनाकडे कधीही, कोणत्याही स्वरूपात तक्रार आलेली नाही.”

वकिलांनी पुस्तक मिटले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. ते वाईट गृहस्थ नव्हते. “ते देवाला उद्देशून होतं, साहेब,” ते अखेर म्हणाले आणि स्वतःच खाली बसले.

*

जिन्यात वकीलबाईंनी ताईचा दंड धरला. “ठरवून केलंत?”

“नाही.”

“मग कोणाला सांगू नका तसं. लोकांना वाटू द्या.” त्यांचा चेहरा लाल झाला होता. “ओसरी गेली पण. ती काही वाचत नाही आता.”

तसेच झाले. आदेश आला त्यात दोन कलमे होती. पहिल्याने ओसरीची परवानगी रद्द केली, कारण तिथे चालते ते निव्वळ प्रार्थना नव्हे, असे साक्षीदारांच्या कथनावरून सिद्ध होत होते. दुसऱ्याने, त्याच कथनावरून धोक्याची सूचना अपघातापूर्वी दिली गेली होती असे दिसत असल्याने, दुसरा बॉयलर त्रयस्थ तपासणी होईपर्यंत बंद ठेवायला सांगितले. त्याच दुपारी तो विझवला गेला. लाँड्रीत वाफेचा फुसफुसाट कायम असे. तो थांबल्यावर बायकांना एकमेकींचे बोलणे फार मोठे वाटू लागले आणि त्या कुजबुजू लागल्या.

सकाळी ताई गेली तेव्हा ओसरीच्या तोंडाला साखळी लागली होती. पत्र्याखाली एक मांजर बसले होते. पाळीची माणसे रस्ता ओलांडून पलीकडे, शांतता क्षेत्राचा फलक संपतो त्याच्या पुढे, पदपथावर उभी होती. तिथून लाँड्रीचे धुराडे दिसत होते. त्यातून काही निघत नव्हते.

“आलीस?” मावशी म्हणाल्या. “घालवलीस ना आमची ओसरी? माझ्या लग्नाआधीपासूनची होती. पाऊस-ऊन काही लागायचं नाही तिथं.”

“हो मावशी.”

“आणि इस्त्री बंद. आता काय बसून चादरींकडं बघायचं?” त्या कुरकुरतच होत्या, पण त्यांनी हाताने मागच्या दोघींना मागे सारले. पुढे एका माणसापुरती जागा मोकळी झाली. कोणी त्या जागेकडे बोट दाखवले नाही.

“मी ते साक्षीत म्हटलं,” ताई म्हणाली. “गायले नव्हते. उचलली नव्हती.”

“आम्ही झील धरली ना?” मावशी म्हणाल्या. “मग उचलली. आमची झील काय फुकट येते?”

शेवटच्या रांगेत भावजय उभी होती, हातात शिंप्याच्या दुकानाची पिशवी. तिने मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते कळले नाही.

ताईने ध्वनिमुद्रक काढला, पाहिला आणि पर्समध्ये परत ठेवला. मग ती त्या जागेवर जाऊन उभी राहिली. समोर धुराडे होते, मागे माणसे. पुढे उभ्या राहणाऱ्याला माणसे दिसत नाहीत, हे इतकी वर्षे अभ्यास करून तिने कुठेच लिहिले नव्हते. तिने मावशींच्या बाजूला कान केला. कोणाच्या मनात काही असेल तर सांगतील म्हणून. कोणी काही सांगितले नाही. पहिल्या दिवशीची ओळ ज्याची त्याने आणायची असते.

तिने वाट पाहिली. काही येत नव्हते. आई नाही, भाऊ नाही, वाफही नाही. जे होते ते एवढेच होते आणि तिने तेच चालीत बसवले. आवाज खरखरीत लागला, मधल्या सुरावर थोडा घसरला.

“मला काहीच वाटत नाही.”

“देवा, ऐक रे आमचं.”

झील वेळेवर आली, एका क्षणाचाही उशीर नाही. तिच्यात मागून कुठूनतरी फाटक्या कागदासारखा एक आवाज होता, बाकीच्यांच्या किंचित मागे, टाळ्या न वाजवणारा.

ताई थांबली. तिला वाटले होते, आता काहीतरी होईल. काही झाले नाही. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. फाटकातला पहारेकरी त्यांच्याकडे पाहत होता.

मावशींचे कोपर तिच्या पाठीला लागले.

“हं,” त्या म्हणाल्या. “पुढं.”